काडीकचऱ्यातील साखर

उसाच्या मळीपासून मद्यार्क तयार करण्याचा उद्योग महाराष्ट्रात चांगला रुजला आहे. परंतु भाताचा पेंढा, पऱ्हाट्या व तुराट्या यांतही साखर दडलेली असते, हे सहसा ध्यानात येत नाही.

वनस्पतींच्या पेशीभित्तिकांचा प्रमुख घटक म्हणजे सेल्युलोज. धान्यातील स्टार्चप्रमाणेच सेल्युलोज ही ग्लुकोज या साखरेच्या रेणूंची लांब साखळी होय. भेद आहे तो रेणूंच्या जोडणीत. स्टार्चची साखळी मनुष्याचे पाचकरस तोडतात. सेल्युलोजची तोडू शकत नाहीत. गुरे कडबा पचवतात तीही पोटातील सूक्ष्मजीवांच्या साहाय्यानेच.

शिवाय सेल्युलोज मोकळे नसते. हेमिसेल्युलोज व लिग्निन यांनी ते जखडलेले असते. म्हणून काडीचे बारीक तुकडे करून त्यांवर प्रथम उष्ण वाफेची वा सौम्य आम्लाची प्रक्रिया करतात. नंतर सेल्युलेज नावाची विकरे साखळी तोडून ग्लुकोज मोकळे करतात. ही विकरे देणाऱ्या एका बुरशीचा शोध दुसऱ्या महायुद्धात लागला. पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू व कपडे कुजू लागले, तेव्हा त्या कारणाच्या तपासात ती सापडली. पुढे तिला संशोधक एल्विन रीझ यांच्यावरून ‘ट्रायकोडर्मा रीझाय’ हे नाव मिळाले. पिकांवरील रोगनियंत्रणासाठी आपले शेतकरी वापरतात त्या ट्रायकोडर्मा बुरशीची ती सगोत्र होय.

शेवटी किण्वन. शंभर ग्रॅम ग्लुकोजपासून यीस्ट अधिकात अधिक ५१ ग्रॅम मद्यार्क देते. उरलेल्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हेमिसेल्युलोजमधून मिळणारी झायलोज ही साखर मात्र नेहमीचे यीस्ट आंबवू शकत नाही; त्यासाठी यीस्टचे खास सुधारित वाण लागतात. यीस्टऐवजी योग्य जिवाणू योजले, तर याच साखरेपासून लॅक्टिक आम्लही मिळते.

हरियाणातील पानिपत येथे १० ऑगस्ट २०२२ रोजी असा कारखाना राष्ट्रार्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची योजना असून तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे.

तथापि प्रत्येक काडी कारखान्याची नव्हे. कडबा हा गुरांचा घास आहे आणि पाचटाचे आच्छादन जमिनीची ओल राखते. विकरांचा खर्च आणि विखुरलेला माल गोळा करून कोरडा साठवणे, या अडचणीही आहेत. म्हणून गोठ्याची व जमिनीची गरज भागून जे उरते आणि आज बांधावर जळते, त्याची गावनिहाय मोजदाद हेच या कामातील पहिले पाऊल ठरावे.