तांबे भट्टीत जळून जात नाही

पोलाद कितीही वेळा वितळवा, ते पुन्हा नव्यासारखे होते, असे अगदी ठामपणे सांगितले जाते. लोखंडाच्या अणूंपुरते ते खरे आहे, आणि त्याचे मोलही मोठे आहे. एक टन भंगारापासून पोलाद केले तर सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात पोलाद उद्योगाचा वाटा ७ ते ९ टक्के आहे, हे लक्षात घेतले तर या बचतीला दुसरा पर्याय नाही. पण भंगार म्हणजे नुसते लोखंड नव्हे. मोटारीच्या सांगाड्याबरोबर वायरिंगचे जुडगे येतात, स्टार्टर आणि अल्टरनेटर येतात, काचा वर-खाली करणाऱ्या छोट्या मोटारी येतात. त्यांतले तांबे लोखंडाच्या रसात विरघळते आणि तिथेच मुक्काम करते. पुढच्या खेपेला जुने तांबे असतेच, त्यात नव्याची भर पडते. पोलादाचा पुनर्वापर कुठवर नेता येईल हे बऱ्याच अंशी या तांब्यावर ठरणार आहे. त्यामुळे त्याच्याविषयीचे काही पक्के समज तपासून पाहणे गरजेचे आहे.

पहिला समज असा की भट्टीच्या आगीत सगळी घाण जळून जाते. सिलिकॉन, मँगनीज, अ‍ॅल्युमिनियम यांच्या बाबतीत हे बरोबर आहे. लोखंडापेक्षा त्यांना ऑक्सिजनची ओढ जास्त, म्हणून ऑक्सिजन फुंकला की ते आधी जळतात आणि मळीत जाऊन बसतात. तांब्याचे नेमके उलटे आहे. ऑक्सिजनची त्याची ओढ लोखंडापेक्षा कमी, त्यामुळे ते जाळायला निघालो तर आधी लोखंडच जळत सुटेल. कथिलाचीही हीच तऱ्हा. गंधकयुक्त मळी वापरून किंवा निर्वात पोकळीत वाफ करून तांबे थोडेफार काढता येते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण या वाटा इतक्या संथ आणि खर्चिक आहेत की रोज शेकडो टन रस ओतणाऱ्या कारखान्यांत त्या रुळल्या नाहीत. मग उरतो तो आमटी खारट झाल्यावर करायचा उपाय: पाणी वाढवायचे. इथे पाण्याच्या जागी खनिजापासून केलेले ताजे लोखंड असते, म्हणजे पुन्हा खाण आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा कोळसा. केंब्रिज विद्यापीठातल्या कॅट्रिन डेन, आंद्रे सेरेन्यो आणि ज्युलियन ऑलवुड यांनी २०१७ साली जगभरच्या पोलादाचा हिशेब मांडून दाखवले की भंगाराच्या व्यापारात अगदी चोख समन्वय राहिला आणि मोठ्या प्रमाणावर असे पातळ करत राहिलो, तर २०५०पर्यंत कसेबसे निभावेल. मात्र हा मार्ग दिवसेंदिवस अव्यवहार्य होत जाईल.

यावर साहजिक उत्तर येते: भंगार नीट निवडा म्हणजे झाले. निवडायलाच हवे, त्यात वाद नाही. पण निवडून प्रश्न मिटेल हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. साध्या मोटारीत वीस-पंचवीस किलो तांबे असते, विजेवर चालणाऱ्या गाडीत त्याच्या तीन-चार पट. समजा, एका गाडीतून ९०० किलो पोलाद निघाले आणि निवडणाऱ्यांच्या नजरेतून एकच किलो तांबे सुटले, तर प्रमाण ०.११ टक्के झाले. बांधकामाच्या सळईला सुमारे ०.४ टक्क्यांपर्यंत तांबे चालते, पण मोटारीचा दरवाजा ज्या पत्र्यातून दाबून काढतात त्याला ०.०६ टक्क्यांच्या आसपास मर्यादा असते. म्हणजे वीस-पंचवीस किलोंतले एक वगळता सगळे तांबे वेचले, तरी जुन्या गाडीच्या पोलादातून नव्या गाडीचा पत्रा निघत नाही. शिवाय लोखंड वेचणारा चुंबक इथे उलट दगा देतो. काचा वर-खाली करणाऱ्या छोट्या मोटारीच्या पोटात लोखंडी गाभ्याभोवतीच तांब्याची तार गुंडाळलेली असते. यंत्राने गाडीचे तुकडे केले की तो गोळा तसाच राहतो आणि चुंबक गाभ्याबरोबर तारही उचलून लोखंडाच्या ढिगात टाकतो.

तरीही सगळ्यात घट्ट रुजलेला समज वेगळाच आहे: तांबे पोलादाला कमकुवत करते. हे सरसकट विधान चूक आहे, आणि पुढची सगळी वाट या चुकीपाशी अडते. उघड्यावरच्या पुलांना आणि इमारतींना वापरतात त्या कॉर्टेनसारख्या गंजरोधक पोलादात पाव ते अर्धा टक्का तांबे मुद्दाम घातलेले असते. काही उच्च प्रतीच्या पोलादांत तर तांब्याचे अतिसूक्ष्म कण ताकद वाढवण्यासाठीच तयार होऊ देतात. तेच तांबे एका ठिकाणी गुण आणि दुसऱ्या ठिकाणी दोष का ठरते? कारण नुकसान ठरते ते तांबे किती आहे यापेक्षा ते कुठे आणि कोणत्या तापमानाला गोळा होते यावरून.

हे जवळून पाहण्यासारखे आहे. ओतलेला पोलादाचा ठोकळा, म्हणजे बिलेट किंवा स्लॅब, लाटण्यापूर्वी ११०० ते १२५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. भट्टीतल्या हवेने पृष्ठभागावरचे लोखंड जळते आणि त्याची पपडी धरते. तांबे जळत नाही. जळणाऱ्या लोखंडामागे ते पपडीखाली साचत जाते. ०.३ टक्के तांबे असलेल्या पोलादाचा एक मिलिमीटर थर असा जळला आणि त्यातले सगळे तांबे मागे राहिले, तर पपडीखाली सुमारे अडीच मायक्रोमीटर जाडीचे जवळजवळ शुद्ध तांबे जमेल. प्रत्यक्षात काही आत झिरपते, काही पपडीत अडकते. पण तांबे १०८५ अंशांना वितळते. या तापमानाला लोखंड ऑस्टेनाइट या रूपात असते, आणि त्यात साधारण आठ-नऊ टक्क्यांपलीकडे तांबे मावत नाही. उरलेले तांबे द्रव होते. पोलाद असंख्य स्फटिककणांचे बनलेले असते. हा द्रव दोन कणांमधल्या सीमेत शिरतो. रोलखाली ताण आला की त्या सीमा उकलतात आणि पृष्ठभागावर भेगा पडतात. ठोकळ्याचे अंतरंग या वेळी ठणठणीत असते. हा दोष ११०० अंशांच्या आसपास सर्वाधिक तीव्र असतो, आणि १२०० अंशांच्या वर बराचसा कमी होतो, कारण तिथे तांबे आत वेगाने पसरते आणि पपडीतही जास्त अडकते.

एवढे समजले की प्रश्नाचे रूपच बदलते. तांबे बाहेर कसे काढायचे, या प्रश्नाला जोड मिळते ती दुसऱ्या प्रश्नाची: ते पोलादातच राहिले तरी कणांच्या सीमेत शिरू नये म्हणून त्याच्या शेजारी काय ठेवायचे? याची काही उत्तरे अनुभवाने मिळालेली आहेत. निकेलही सहजी जळत नाही, त्यामुळे ते तांब्याबरोबर पपडीखाली साचते. तिथे ऑस्टेनाइटमध्ये जास्त तांबे मावू लागते आणि तांब्याच्या मिश्रणाचा वितळणबिंदू वर सरकतो. सिलिकॉनमुळे तांबे पपडीत ओढून घेतले जाण्यास मदत होते. कथिल मात्र तांब्यासाठीची जागा कमी करते आणि त्याला लवकर वितळवते, म्हणून तांब्याचे प्रमाण सारखे असूनही कथिल असलेले भंगार जास्त त्रास देते. बोरॉन आणि फॉस्फरस यांनी द्रव तांब्याचा शिरकाव कमी होतो असेही प्रयोगांत आढळले आहे. मग निकेलच घालत राहावे, असे कोणी म्हणेल. पण निकेल महाग आहे, आणि तेही भट्टीत जळत नसल्याने पुढच्या फेरीतल्या भंगारात साचतच जाईल. फॉस्फरस जास्त झाले तर पोलाद थंड असताना ठिसूळ होते. सात मूलद्रव्ये, प्रत्येकाची तीन प्रमाणे, एवढे धरले तरी २१८७ प्रकारची पोलादे ओतून तपासावी लागतील, आणि तीही प्रत्येक तापमानाला वेगळी.

अणुपातळीवरच्या सिम्युलेशनचे काम इथे सुरू होते. त्याबद्दलही दोन टोकांचे समज आहेत: ही पडद्यावरची रंगीत कल्पना आहे, किंवा संगणक आता थेट पाककृती छापून देईल. दोन्ही चूक. यात अणूंमधली ओढ-ताण गणिताने काढली जाते, आणि तिचा पाया आहे १९६४ आणि १९६५ साली वॉल्टर कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका पुंज सिद्धान्तात, ज्यासाठी कोन यांना १९९८ साली नोबेल मिळाले. तांब्याच्या बाबतीत विचारायचा प्रश्न नेमका आहे. दोन कणांमधल्या सीमेवर अणू नीट रांगेत नसतात, म्हणून तिथे काही ऊर्जा अडकलेली असते. ती सीमा उघडून मध्ये द्रव तांबे शिरले तर एका सीमेच्या जागी तांबे-लोखंडाचे दोन पृष्ठभाग तयार होतात. या दोन पृष्ठभागांची मिळून ऊर्जा सीमेच्या ऊर्जेपेक्षा कमी भरली, तर तांब्याला ढकलावे लागत नाही. ते आपोआप आत शिरते. सीमेवर बोरॉनचा अणू येऊन बसला तर ही बेरीज-वजाबाकी किती बदलते, कथिल आले तर किती बिघडते, हे संगणकावर एकेक अणू बदलून मोजता येते. ११०० अंशांना कणांच्या सीमेत शिरलेला, काही अणूंइतका पातळ असलेला तांब्याचा थर चालू भट्टीत डोळ्यांनी पाहणे अशक्यप्राय आहे, आणि नमुना थंड करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवेपर्यंत त्याची रचना बदललेली असू शकते.

सिम्युलेशनवरचे आक्षेप खरे आहेत आणि ते टाळू नयेत. दहा नॅनोमीटर बाजूच्या लोखंडाच्या घनात सुमारे ८५ हजार अणू असतात. पुंज गणित काटेकोरपणे करायचे तर काही शे अणूंपर्यंतच जाता येते. आणि काळाची एक पायरी फेमटोसेकंदाची असल्याने एक मायक्रोसेकंद गाठायला अब्ज पायऱ्या लागतात. ठोकळा मात्र भट्टीत तासभर असतो. शिवाय या तापमानाला ऑस्टेनाइटमधल्या अणूंचे चुंबकत्व अस्ताव्यस्त असते, आणि ते गणितात बसवणे अवघड आहे. पण सिम्युलेशनकडून भट्टीतल्या तासाचे चित्रण कोणी मागत नाही. त्याच्याकडून हवे असतात ते सीमेची ऊर्जा, पृष्ठभागाची ऊर्जा, विसरणाचा, म्हणजे अणू पसरण्याचा, वेग यांचे आकडे, जे मोठ्या प्रमाणावरच्या गणितात घालून २१८७ पोलादांतली तपासण्याजोगी दहा-वीस वेगळी काढता येतात. ती मात्र प्रत्यक्ष ओतून, तापवून, ताणूनच पाहावी लागतात. यंत्र-शिक्षणावर आधारलेल्या पद्धतींनी, ज्यांची एक महत्त्वाची सुरुवात २००७ साली यॉर्ग बेलर आणि मिकेले पारिनेलो यांनी केली, पुंज गणिताच्या जवळपासची अचूकता आता लाखो अणूंपर्यंत नेता येते. खऱ्या पोलादातल्या वेड्यावाकड्या सीमा, आणि त्यांवर एकाच वेळी बसलेले चार-पाच परके अणू, यांचा विचार त्यामुळेच शक्य होऊ लागला आहे.

एक आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: तांबे सोसणारे पोलाद मिळाले की भंगार निवडण्याची मेहनत कोण घेईल? ही भीती रास्त आहे, कारण सोसण्याचीही मर्यादा असते आणि वाया गेलेले तांबे स्वतःच मौल्यवान आहे. पण ज्यांना निवड परवडत नाही त्यांचाही विचार करावा लागेल. आपल्याकडे जालन्यासारख्या ठिकाणी इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पाँज आयर्न वितळवून सळई केली जाते. त्या भट्टीत धातू वितळतो, शुद्ध फारसा होत नाही. जे आत गेले ते सळईत उतरते. २०२१च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने जुन्या गाड्यांचे भंगार वाढणार, आणि काही वर्षांनी विजेवरच्या गाड्याही त्यात येणार. रसाचा नमुना तपासून त्यातले तांबे आणि कथिल मोजण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. तो आकडा हाती आल्यावर किती सिलिकॉन घालायचे, ठोकळा किती अंशांना आणि किती वेळ तापवायचा, पपडी किती धरू द्यायची, हे ठरवणारा भरवशाचा तक्ता हवा आहे. तो एकट्या संगणकातून निघणार नाही आणि एकट्या भट्टीतूनही नाही.