अग्रलेखातून नगरपालिकेत : तात्यासाहेब केळकर

नगरपालिकेवर टीकेचे आसूड ओढणारा संपादकच नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसला तर काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे नरसिंह चिंतामण तथा तात्यासाहेब केळकर. 'साहित्यसम्राट' म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो; पुण्याच्या नगरकारभारातील त्यांची कामगिरी मात्र फारशी आठवली जात नाही.

२४ ऑगस्ट १८७२ रोजी मोडनिंब येथे जन्मलेल्या केळकरांनी कायद्याची पदवी घेऊन साताऱ्यात वकिली सुरू केली. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांनी त्यांना पुण्यास बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली आणि पंचविशीतल्या या तरुणावर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांचा भार येऊन पडला. टिळक मंडालेस असताना १९१० पासून 'केसरी'ची सूत्रे पुन्हा त्यांच्याकडे आली.

केळकर १९१८ मध्ये पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९२२ नंतर पुन्हा त्या पदावर आले. मधल्या काळात, १९१९ च्या सुधारणा कायद्याने स्थानिक स्वराज्य हे खाते प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविण्यात आले होते. तरीही मताधिकार कर भरणाऱ्या व मालमत्ता असणाऱ्या मोजक्या लोकांपुरताच होता आणि तिजोरी तोकडी होती. अग्रलेखात मागणी करणे सोपे. तीच मागणी अंदाजपत्रकात बसविणे अवघड.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या वादात हे प्रकर्षाने दिसले. मुलांबरोबर मुलींनाही सक्ती लागू करावी, अशी सुधारकांची व स्त्रियांची मागणी होती. पैशाअभावी आधी मुलांपासून सुरुवात करावी, असे टिळकपक्षाचे म्हणणे होते. १९२० मध्ये पुण्यातील स्त्रियांनी याविरुद्ध मोर्चा काढला. काटकसरीचा युक्तिवाद त्यांना मान्य नव्हता, कारण पैसा अपुरा पडला की तो नेमका मुलींच्याच वाट्याला का अपुरा पडावा, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहत होता.

दुसरा वाद पुतळ्यांचा. १९२४ मध्ये मंडईत टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी जोतीराव फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडला, तो पालिकेने फेटाळला. नगरपालिका कोणाची, हाच खरा प्रश्न त्यामागे होता.

केळकर १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. पुढे त्यांनी जयकर व मुंजे यांच्यासह प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा केला. टिळकांचे त्रिखंडात्मक चरित्र आणि 'गतगोष्टी' हे आत्मचरित्र लिहून त्यांनी त्या काळाची नोंदही मागे ठेवली. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी, स्वातंत्र्य पाहून, त्यांचे निधन झाले.

लोकमत घडविणाऱ्या माणसालाही सत्तेत आल्यावर लोकमताचे सगळे थर दिसतातच असे नाही, हे या कारकिर्दीतून उमगते. ती मंडई पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. टिळकांचा पुतळा आज त्याच महात्मा फुले मंडईत उभा आहे.