सामना चढाईचा, हंगाम पकडीचा

शीळफाटा, प्रतिनिधी : पावसाळा ओसरला की कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गावांत कबड्डीची मैदाने चाळणीच्या मातीने सजू लागतात. त्याच सुमारास ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील महाविद्यालयांत संघनिवडीची लगबग सुरू होते. अशा चाचणीला कधी हजेरी लावली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. चढाईसाठी मुलांची रीघ लागते. कोपऱ्यात कोण उभे राहणार, असे विचारले की बरेच जण बुटांच्या नाड्या बांधण्यात गुंततात. आगामी हंगामात संघाचे काय होणार, याचे उत्तर मात्र बहुतांशी या दुसऱ्या प्रश्नातच दडलेले असते.

याचा हिशेब साधा आहे. सामना ४० मिनिटांचा आणि प्रत्येक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात, म्हणजे निम्मा सामना बचावातच जातो. संघाचा हुकमी चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, तरी बचाव उभाच असावा लागतो. शिवाय पकडीचा एक गुण फलकावर दिसतो तेवढाच नसतो. प्रतिस्पर्ध्याचा सर्वोत्तम चढाईपटू बाहेर गेला की त्याचे सहकारी गुण मिळवून त्याला परत आणीपर्यंत त्या संघाची धारच बोथट होते.

मैदानावरील सात जणांत दोन कोपरारक्षक, दोन मध्यरक्षक आणि उरलेले तिघे आत, अशी रचना असते. आतल्या जागांवर बहुधा चढाईपटूच उभे असतात. त्यामुळे खरा भार चौघांवर येतो. चढाईपटू आपल्या उजव्या बाजूने घुसला की त्याची गाठ डाव्या कोपरारक्षकाशी पडते. बोनस रेषा ओलांडताना त्याचा एक पाय पुढे जमिनीवर आणि दुसरा हवेत असतो. घोटा किंवा मांडी पकडण्याची संधी त्याच क्षणात मिळते आणि सरते. कोपरारक्षकाने पाय धरला, तरी मोठ्या ताकदीचा गडी त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेऊ शकतो. ती वाट अडवणे किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर ढकलणे, हे मध्यरक्षकाचे काम. कोपरा आणि मध्य यांच्यात अर्ध्या सेकंदाचे अंतर पडले, की एका गुणाऐवजी दोन-तीन गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जातात.

घाईने घात होतो तो येथेच. दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरी निर्णायक ठरते. तीत गुण मिळाला नाही तर चढाईपटूच बाद होतो. मुरलेला बचाव पहिल्या दोन चढायांत उगाच झेपावत नाही, तिसरीची वाट पाहतो. मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरले असता केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, दोन गुण असतात. लोण चढण्याच्या बेतात असलेला संघ सामन्यात परततो, तो बहुधा याच वाटेने.

प्रो कबड्डी लीगमध्ये याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईच्याच संघाने दिला आहे. २०१५ साली यू मुम्बाने अंतिम सामन्यात बंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवले. लोकांच्या तोंडी नाव होते कर्णधार अनुप कुमारचे. पण त्या संघाचा कणा होता कोपऱ्यांत सुरेंदर नाडा व मोहित चिल्लर आणि मध्ये जीवा कुमार व विशाल माने, अशी चौकडी. २०१६च्या आरंभी झालेल्या तिसऱ्या हंगामातही संघ अंतिम फेरीत पोहोचला. त्याच वर्षीच्या चौथ्या हंगामापूर्वी मात्र चौकडी फुटली. चिल्लरसाठी बंगळुरूने ५३ लाख रुपये मोजले आणि नाडाही तिकडेच गेला. अनुप कुमार कायम राहूनही सलग तीनदा अंतिम फेरी गाठणारा हा संघ उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचला नाही.

पुढील काळात संघमालकांनी धडा घेतला असे दिसते. पुणेरी पलटणने मार्च २०२४मध्ये हरयाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून पहिले विजेतेपद पटकावले. त्या हंगामात त्यांचा इराणी डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलू याने ९९ पकडगुण मिळवले होते. पुढच्या हंगामात तो हरयाणाकडे गेला आणि विजेतेपदही हरयाणाकडे गेले! हा निव्वळ योगायोग मानायचा तर खुशाल मानावा.

मग महाराष्ट्राचे बचावपटू कोठे आहेत? या प्रश्नाचे एक अभिमानाचे उत्तर कल्याणकडे आहे. कल्याणचा गिरीश इर्नाक हा डावा कोपरारक्षक २०१८च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय संघात होता. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्राने हैदराबादेत सेनादलाला ३४-२९ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले होते. जकार्तात भारत उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. अवघ्या १८ गुणांवर भारताला रोखणारा तो इराणी बचाव जाणकार अजून विसरलेले नाहीत. हांगझोऊ येथे ऑक्टोबर २०२३मध्ये भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्ण परत मिळवले. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते, परंतु दोघांचीही ओळख चढाईसाठीच. बचावाची फळी प्रामुख्याने उत्तरेकडील खेळाडूंनी व्यापली होती.

अंगकाठी हे याचे एक कारण सांगितले जाते. ते पूर्ण पटणारे नाही; घोट्याची पकड ही ताकदीपेक्षा वेळेची विद्या आहे. माती आणि मॅट यांतील फरक हे अधिक खरे कारण वाटते. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याचा पाय किंचित घसरतो, त्यावर जुन्या पकडी बेतलेल्या. मॅटवर बुटांना घट्ट आधार मिळतो, चढाईपटू क्षणात दिशा बदलतो आणि मातीवर शिकलेली झेप अपुरी पडते. गावातल्या मैदानावर घडलेल्या मुलाला मॅट अनेकदा थेट स्पर्धेतच भेटते.

महाविद्यालयीन संघांपुढची अडचण आणखी वेगळी. कोपरा आणि मध्य यांची जोडी जमायला किमान एक हंगाम लागतो. पदवीची वर्षे तीन-चार. पहिल्या वर्षी मुलगा राखीव बसतो, दुसऱ्या वर्षी जोडीदाराची सवय होते, आणि जमले असे वाटेपर्यंत त्यातला एक जण शेवटची परीक्षा देऊन नोकरीच्या शोधात निघून गेलेला असतो. म्हणून चाचणीत यंदा कोपऱ्यात कोण, एवढेच पाहून भागत नाही. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी कोण असेल, तेही पाहावे लागते. राखीव बाकावरील पहिल्या वर्षाच्या मुलाला रोज सरावात थोरल्या कोपरारक्षकाशेजारी अर्धा तास उभे करावे, एवढी सोय तर कोणत्याही संघाला करता येईल. तिला ना मॅट लागते, ना निधी.