गुठळी, मधुमेह आणि विलंब

पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील माता-बालकांचा जो अभ्यास चालविला, त्यातून येथील अर्भक वजनाने हलके, तरी मेदाने संपन्न असते आणि भावी मधुमेहाचे बीज तेथेच असावे, हा विचार पुढे आला. हाच मधुमेह हृदयविकाराच्या झटक्यात इलाजाच्या आड दोन वाटांनी येतो. गुठळी विरघळविणाऱ्या नैसर्गिक यंत्रणेस रोखणारे द्रव्य अशा रुग्णाच्या रक्तात वाढलेले असते, गुठळीतील तंतूंची वीणही दाट होते, आणि स्ट्रेप्टोकायनेजसारख्या गुठळी विरघळविणाऱ्या औषधाने मुख्य रोहिणी मोकळी झाली तरी सूक्ष्म वाहिन्यांत रक्त पुरते पोहोचत नाही. दुसरी वाट माझ्या मते अधिक घातक: मज्जातंतू बधिर झाल्याने कित्येकांना छातीत कळच येत नाही, नुसता घाम व धाप, आणि पित्त समजून अमोल तास दवडले जातात.

डोळ्यांतील रक्तस्रावाच्या धास्तीने मधुमेह्यांस गुठळी विरघळविणारे औषध देण्यास वैद्य एके काळी कचरत; परंतु १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात दर हजार मधुमेह्यांमागे सुमारे ३७ जीव वाचलेले दिसले, इतरांत १५. तेव्हा घरातील मधुमेही माणसास अकारण घाम फुटला, तर हयगय न करता हृदयाचा आलेख तत्काळ काढवून घ्यावा. १०८ वर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.