रेषेवरची कसूर आणि पंचाचा मुलाहिजा

टिटवाळा-कल्याणच्या बाजूला कबड्डीचे सामने पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला पंचाच्या काटेकोरपणाचे नवल वाटत नाही. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’चा उच्चार मध्येच तोडला की पंच त्यास परत पाठवितो, प्रतिपक्षाला गुण आणि चढाईची पाळी देतो, आणि त्याबद्दल कोणी तंटा मांडीत नाही, कारण दम हा त्या खेळाचा प्राणच होय. परंतु तोच प्रेक्षक बास्केटबॉलच्या सामन्यास बसला, आणि हुकलेला फ्री थ्रो, कडेच्या कोणा खेळाडूचे पाऊल वीतभर आधी पुढे पडले एवढ्याच कारणास्तव, पुन्हा घेण्याचा हुकूम पंचाने दिलेला त्याने पाहिला, की हा निव्वळ नियमाचा कीस काढण्याचा प्रकार आहे असे त्याला वाटू लागते. अशा क्षुल्लक कसुरींची दखल पंचाने कितपत घ्यावी, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह आहे.

फ्री थ्रो म्हणजे, फाउल सोसलेल्या खेळाडूस एका गुणासाठी निर्वेधपणे चेंडू फेकण्याची मिळालेली सवलत. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याची रेषा फलकापासून ४.६० मीटरांवर असते. पंचाने चेंडू हाती दिल्यापासून ५ सेकंदांत तो फेकावा लागतो. तो बास्केटमध्ये पडेपर्यंत वा रिंगला लागेपर्यंत फेकणाऱ्याने रेषेस स्पर्श करावयाचा नाही, आणि फेकीचा खोटा आविर्भावही करावयाचा नाही. दोन्ही कडांच्या नेमून दिलेल्या जागांवर बचाव करणाऱ्या संघाचे फार तर ३ आणि फेकणाऱ्या संघाचे २ खेळाडू उभे राहतात, आणि चेंडू हातातून सुटल्यावाचून त्यांना जागा सोडण्याची मुभा नसते. शेवटची फेक हुकल्यास परतणाऱ्या चेंडूवर कोणी आगाऊ घाईने हक्क सांगू नये, हा या बंधनांचा उघड हेतू आहे.

ज्यांना पंच निष्ठुर वाटतो त्यांनी दंडाची तरतूद नीट वाचली, तर दयेचा अंश नियमकर्त्यांनी तिच्यात आधीच घालून ठेवला आहे हे ध्यानात येईल. फेक साधली, तर कडेच्या खेळाडूंच्या घाईकडे दुर्लक्ष करून गुण कायम ठेवला जातो. शेवटची फेक हुकली, आणि घाई प्रतिपक्षाची असेल, तर ती पुन्हा मिळते. फेकणाऱ्याच्या सोबत्याची असेल, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. उभयतांची असेल, तर चेंडू कोणाकडे जावा हे ठरविणारा जंप बॉलचा नियम लागू होतो. खुद्द फेकणाऱ्याची कसूर असेल, तर मात्र पदरात पडलेला गुणही रद्द होतो. घाईने ज्याचे काही बिघडले नाही त्याने तक्रार करू नये, हे तारतम्य नियमातच नमूद असताना, पंचाने स्वतःच्या अखत्यारीत आणखी सवलत वाटणे म्हणजे एका पक्षाच्या हक्कातून दुसऱ्यास दान करणे होय.

अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीपुढे लागणाऱ्या रांगेत कोणी अर्धे पाऊल पुढे सरकला, तर त्यामुळे कोणाचे दर्शन चुकत नाही. पण त्याला कोणी हटकले नाही की मागचेही सरकू लागतात आणि घटकाभरात रांग नावाला उरते. फ्री थ्रोच्या कडेलाही हेच घडते: प्रतिस्पर्ध्याची घाई खपते असे दिसताच दुसऱ्यालाही घाई करणे भाग पडते, आणि नियम पाळणाराच रिबाउंडला, म्हणजे परतणाऱ्या चेंडूला, मुकतो.

वेळेची गोष्ट किंचित निराळी आहे. येथे पंच स्वतः सेकंद मोजतो, तेव्हा त्यात अल्पसा फरक पडणे मानवी आहे. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये ही मुदत १० सेकंदांची आहे. २०२१ च्या बाद फेरीत मिलवॉकी बक्सचा यानिस अँटेटोकुंपो फेकीस उभा राहिला, की प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावरील प्रेक्षक मोठमोठ्याने आकडे मोजीत. पंचांनी मात्र क्वचितच शिट्टी फुंकली. त्या वर्षीच्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात, स्वगृही, त्याने १९ पैकी १७ फ्री थ्रो साधले. प्रेक्षकांच्या गणतीला पंचाने भुलू नये हे खरेच. पण एकाच विलंबाला कधी शिट्टी आणि कधी मौन, असे होऊ लागले की नियमावरचा विश्वास डळमळतो.

मुंबईतील ज्या नागपाड्याने अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्काराचा मानकरी बास्केटबॉलपटू दिला, तेथील पोरांना हे नियम शिकवावे लागत नसतील. पण जेथे खेळ नवा आहे तेथील शालेय सामन्यांत पंचाने चेंडू देण्यापूर्वी ‘चेंडू सुटेपर्यंत जागा सोडू नका’ असे खणखणीतपणे बजावले, तर निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. मात्र ही समज देऊन झाल्यावर मुलाहिजा नको. अखेरच्या मिनिटांत पंचाने शिट्टी आवरावी असे म्हणणारे हे विसरतात, की हुकलेल्या फेकीचा चेंडू कोणाच्या हाती पडतो यावर सामना ठरतो तो नेमका त्याच वेळी. आणि ज्या आगाऊ पावलापायी पहिल्या सत्रात फेक पुन्हा मिळाली, त्याच पावलापायी ती अखेरीस नाकारली गेली, तर सामना चालू असताना नियम बदलल्यासारखे होते, आणि तो अधिकार पंचास कोणीही दिलेला नाही.