मिसळला तर केर, निवडला तर माल

कोल्हापूर हें गुळाचें गांव. हंगामांत जवळपासच्या एखाद्या गुऱ्हाळावर गेल्यास तेथें टाकाऊ अशी वस्तु सांपडणें कठीण. रस निघाल्यावर उरलेलीं चिपाडें उन्हांत वाळवितात व त्यांच्याच जाळावर काहिलींतील रस आटवितात. चुलवाणांतील राख शेतांत जाते. साखर कारखान्यांतही चिपाडांपासून वाफ व वीज आणि मळीपासून मद्यार्क निघतो. याचें कारण केवळ काटकसर नव्हे. तेथें प्रत्येक पदार्थ प्रथमपासूनच वेगळा राहतो.

शहरांतील संस्थांत मात्र निराळा प्रकार दिसतो. शाळा, वसतिगृहें, कचेऱ्या, मंगल कार्यालयें यांतून रोज कागद, उष्टें अन्न, बाटल्या व पिशव्या बाहेर पडतात. यांतील बहुतेक वस्तूंस गिऱ्हाईक आहे. परंतु आमटी सांडलेला कागद लगद्याच्या उपयोगीं पडत नाहीं, आणि काचेचे तुकडे मिसळलेलें खत कोणताही शेतकरी घेत नाहीं. म्हणजे वस्तु वाया जाते ती वापरल्यामुळें नव्हे, तर मिसळल्यामुळें. असा ढीग कचरा-डेपोवर सांचला, कीं त्याच्या पोटांत हवेवांचून कुजणाऱ्या अन्नापासून मिथेन हा ज्वालाग्राही वायु उत्पन्न होतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीं ओला, सुका व घरगुती घातक कचरा उगमापाशींच वेगळा करण्याचें बंधन घातलें. गणेशोत्सवांत निर्माल्य पंचगंगेंत न सोडतां वेगळें गोळा करण्याची चाल कोल्हापुरांत रूढ होत आहे, तिच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

तथापि पुनर्निर्मितीसही मर्यादा आहे. कागदाचा पुनःपुन्हा लगदा करतांना त्याचे तंतु आखूड होत जातात व अखेर निकामी ठरतात. म्हणून वहीच्या कोऱ्या पाठीवर गणितें सोडविणें, ताटांत हवें तेवढेंच वाढून घेणें, हें पहिलें कर्तव्य. उरलेलें निवडून ठेवणें दुसरें. त्यापासून नवी वस्तु घडविणें तिसरें. पालकांनींही हा क्रम मुलांकडून घरीं गिरवून घ्यावा.

शुभवर्तमानांत अशी कथा आहे, कीं पांच भाकरींवर पांच हजार लोक तृप्त झाल्यावर येशूनें उरलेले तुकडे वेंचावयास सांगितलें, व बारा टोपल्या भरल्या. थोड्याचें पुष्कळ करण्याचें सामर्थ्य ज्याच्या हातीं, त्यासही तुकडा टाकवला नाहीं. मग विद्यार्थिमित्रहो, वर्गांत दोन टोपल्या ठेवून त्या निरनिराळ्या भरणें आपणांस जड कां व्हावें?