मॉड-फाइलींचे परिशोधन व संयोजन

संगणकीय खेळात खेळाडूंनी स्वतः रचलेले फेरबदल समाविष्ट करताना, त्या फेरबदलांच्या फाइलींतून अनवधानाने शिरलेल्या, निरर्थक किंवा घातक नोंदी दूर करणे यास परिशोधन, आणि अशा अनेक फाइलींचा परस्परांशी मेळ बसेल असा क्रम लावणे यास संयोजन म्हणतात. खेळाडूने केलेल्या फेरबदलास व्यवहारात ‘मॉड’ हे नाव रूढ आहे. परिशोधनाची व संयोजनाची गरज सर्वांत तीव्रतेने भासते ती भूमिकाप्रधान खेळांत. अशा खेळात खेळाडू एखादे पात्र धारण करून विस्तीर्ण काल्पनिक प्रदेशात संचार करतो. तेथील गावे, माणसे, शस्त्रे, संवाद, हवामान या सर्वांच्या लक्षावधी नोंदी खेळाच्या फाइलींत असतात व त्यांपैकी कोणतीही नोंद मॉडद्वारा बदलता येते. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेतील बेथेस्डा या संस्थेच्या ‘द एल्डर स्क्रोल्स’ या खेळमालिकेच्या आधारे या विषयाचे विवेचन केले आहे. कारण परिशोधनाचे तंत्र मुख्यतः या मालिकेभोवतीच विकसित झाले.

पार्श्वभूमी : या मालिकेतील ‘मॉरोविंड’ हा खेळ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावरील आवृत्तीबरोबर ‘कन्स्ट्रक्शन सेट’ हे संपादन-साधनही खेळाडूंच्या हाती देण्यात आले. त्यामुळे मूळ कार्यक्रमाचे ज्ञान नसलेल्या खेळाडूसही नवे घर, नवे पात्र वा नवी कथा रचणे शक्य झाले. पुढे ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) व ‘स्कायरिम’ (२०११) या खेळांसाठीही अशीच साधने उपलब्ध झाली. स्कायरिमचे ‘क्रिएशन किट’ हे साधन २०१२ मध्ये खुले करण्यात आले. एकेका खेळासाठी हजारो मॉड तयार झाले आणि एकाच वेळी शेकडो मॉड वापरणारे खेळाडूही दिसू लागले. या मॉडचे कर्ते एकमेकांना बहुधा ओळखत नसतात व त्यांच्या कामावर देखरेख करणारा कोणी मुख्य संपादकही नसतो. शेकडो अपरिचितांचे लेखन एकाच ग्रंथात बांधावे आणि तो ग्रंथ सुसंगत वाचला जावा अशी अपेक्षा करावी, तसा हा प्रकार आहे.

फाइलींची रचना : खेळाच्या मूळ नोंदी ज्या फाइलीत असतात तिला ‘मास्टर’ फाइल (ईएसएम) म्हणतात. मॉडच्या नोंदी सामान्यतः ‘प्लगइन’ फाइलीत (ईएसपी) असतात. प्लगइन-फाइल मास्टर-फाइलीत प्रत्यक्ष ढवळाढवळ करीत नाही. जी नोंद बदलावयाची तिची संपूर्ण नवी प्रत ती आपल्याजवळ ठेवते. खेळ सुरू होताना सर्व फाइली ठराविक क्रमाने वाचल्या जातात. या क्रमास ‘लोड ऑर्डर’ म्हणतात. एकाच नोंदीच्या अनेक प्रती आढळल्यास सर्वांत शेवटी वाचली गेलेली प्रत ग्राह्य धरली जाते व आधीच्या प्रती निष्प्रभ ठरतात. ‘शेवटचा शब्द अंतिम’ हा या रचनेचा मूलभूत नियम असून परिशोधनाची व संयोजनाची सर्व आवश्यकता त्यातूनच उद्भवते.

ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक नोंदीस बत्तीस बिटांचा, म्हणजे षोडशमान पद्धतीतील आठ अंकांचा, क्रमांक दिला जातो. खेळ चालू असताना त्यातील पहिले दोन अंक ती नोंद मुळात कोणत्या फाइलीतील आहे हे दर्शवितात. दोन षोडशमान अंकांनी २५६ स्थाने दाखविता येतात. त्यांपैकी अखेरचे स्थान खेळ चालू असताना निर्माण होणाऱ्या वस्तूंसाठी राखीव असल्याने मास्टर व प्लगइन मिळून २५५ फाइलींची मर्यादा पडते. स्कायरिमच्या २०१६ मधील सुधारित आवृत्तीत २०१७ साली ‘लाइट’ प्लगइन (ईएसएल) हा प्रकार आला. अशा ४,०९६ फाइली एकाच स्थानात सामावतात. मात्र प्रत्येकीतील नव्या नोंदींच्या संख्येस मर्यादा असते. ही मर्यादा सुरुवातीस २,०४८ होती. २०२३ मध्ये ती वाढविण्यात आली.

दोषांचे प्रकार : प्लगइन-फाइलीत आढळणारे दोष मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

(१) अभिन्न नोंदी : प्लगइनमधील प्रत मास्टर-फाइलीतील नोंदीशी तंतोतंत जुळत असल्यास ती अभिन्न नोंद होय. संपादन-साधनात एखादी खोली नुसती पाहण्यासाठी उघडली आणि ‘रद्द’ऐवजी ‘ठीक’ हे बटण दाबले, तरी काहीही न बदलता त्या नोंदीची प्रत तयार होऊ शकते. वरकरणी ती निरुपद्रवी वाटते. तथापि, वरील नियमामुळे तिचा परिणाम विपरीत होतो. उदा., स्कायरिममधील व्हाइटरन या नगरातील ‘बॅनर्ड मेअर’ ही सराई घेऊ. एका मॉडने सराईतील प्रकाशयोजना बदलली आहे. दुसऱ्या मॉडने तेथे केवळ एक नवे पात्र आणले आहे; परंतु त्याच्या कर्त्याकडून सराईच्या खोलीची मूळ नोंदही नकळत जतन झाली आहे. दुसरा मॉड नंतर वाचला गेल्यास प्रकाशयोजना पूर्ववत होते. पहिल्या कर्त्याचे काम लोपते, दुसऱ्याला त्याची कल्पनाही नसते आणि खेळाडूस दोष नेमका कोठे आहे हे उमगत नाही.

(२) नष्ट केलेले संदर्भ : खेळाच्या जगात ठेवलेली प्रत्येक वस्तू, मग तो दगड असो वा दिवा, ही एक स्वतंत्र संदर्भ-नोंद असते. मॉडकर्त्याने अशी वस्तू साधनातून समूळ नष्ट केली आणि दुसरा एखादा मॉड तीच वस्तू हलवू वा वापरू पाहत असेल, तर अस्तित्वात नसलेल्या वस्तूचा शोध घेताना खेळ अकस्मात बंद पडू शकतो. वस्तू नष्ट न करता तिला प्रारंभापासून अक्रिय ठेवणे हा निर्धोक मार्ग होय.

(३) अनाहूत नोंदी : काही नोंदी संपादन-साधनातील दोषांमुळेच फाइलीत शिरतात. मॉरोविंडच्या ‘ट्रायब्यूनल’ (२००२) व ‘ब्लडमून’ (२००३) या विस्तारांनंतर तेथील साधन मॉडकर्त्याने स्पर्शही न केलेल्या ७२ सर्वसाधारण सेटिंगांच्या नोंदी प्लगइनमध्ये आपोआप लिहीत असे. त्यांपैकी ११ पहिल्या व ६१ दुसऱ्या विस्तारातील होत्या. खेळाडूंनी त्यांस ‘दुष्ट’ हे विशेषण लावले व ते रूढ झाले.

हस्तलिखित ग्रंथांच्या नकला करताना लेखनिकाकडून होणाऱ्या प्रमादांशी या दोषांचे साम्य आहे. मात्र येथे नकलेतील प्रमाद त्या नकलेपुरता मर्यादित राहत नाही. तो इतरांचा शुद्ध पाठही पुसून टाकतो.

परिशोधनाची पद्धती : मॉरोविंडसाठी ‘टीईएस३सीएमडी’ व त्यानंतरच्या खेळांसाठी ‘एक्सएडिट’ ही साधने प्रमुख आहेत. एक्सएडिटचा प्रारंभ ऑब्लिव्हियनसाठी झाला. स्कायरिमसाठीची त्याची रूपे वेगवेगळ्या नावांनी परिचित आहेत. हे साधन प्लगइनमधील प्रत्येक नोंद व तिची पूर्वीची रूपे शेजारीशेजारी स्तंभांत मांडते व भेद रंगांनी दर्शविते. अभिन्न नोंदी ओळखून ते काढून टाकते. नष्ट केलेल्या संदर्भांचे ते प्रथम पुनरुज्जीवन करते, नंतर त्यांना अक्रिय करते व जमिनीच्या पातळीखाली दूर नेऊन ठेवते. त्यामुळे वस्तू खेळाडूस दिसत नाही. पण तिचा शोध घेणाऱ्या दुसऱ्या मॉडला ती सापडते. परिशोधनापूर्वी मूळ फाइलीची प्रत राखून ठेवणे व एका वेळी एकच प्लगइन हाताळणे, हे नियम पाळले जातात.

खुद्द निर्मात्यांच्या फाइलीही या दोषांपासून मुक्त नाहीत. स्कायरिमच्या ‘डॉनगार्ड’सारख्या अधिकृत विस्तारांच्या फाइलींतही अभिन्न नोंदी व नष्ट केलेले संदर्भ आढळतात. त्यांचे परिशोधन करता येते. परंतु खेळ वितरित करणाऱ्या स्टीम या सेवेतून फाइलींची पडताळणी केल्यास त्या पुन्हा मूळ रूपात येतात व काम पुन्हा करावे लागते. ‘स्कायरिम.ईएसएम’ या आद्य फाइलीस मात्र हे परिशोधन लागू पडत नाही. कारण तिच्या आधी तुलनेसाठी दुसरी फाइलच नसते.

मर्यादा : यंत्राला नोंद अभिन्न आहे हे कळते, ती का ठेवली आहे हे कळत नाही. काही मॉडकर्ते दुसऱ्या मॉडचा बदल हेतुपुरस्सर मागे घेण्यासाठी मूळ नोंदीची प्रत ठेवतात. ती काढल्यास मॉडचा उद्देशच नाहीसा होतो. पात्रे ज्या अदृश्य जाळ्याच्या आधारे चालण्याचा मार्ग ठरवितात, त्या जाळ्याचा भाग नष्ट केला असल्यास तो यांत्रिक रीतीने सुरक्षितपणे पूर्ववत करता येत नाही. तो क्रिएशन किटमध्ये हातानेच दुरुस्त करावा लागतो. म्हणून मॉडसोबतची माहिती वाचल्याविना सरसकट परिशोधन करणे इष्ट नव्हे. परस्परविरोधी बदल करणाऱ्या दोन निर्दोष मॉडमधील विसंगतीही परिशोधनाने मिटत नाही. तो संयोजनाचा विषय होय.

संयोजन : संयोजनात दोन भिन्न क्रम विचारात घ्यावे लागतात. पहिला क्रम प्लगइन-फाइलींचा. मास्टर-फाइली आधी व त्यांवर अवलंबून असलेल्या नंतर, व्यापक बदल करणाऱ्या आधी व विशिष्ट बदल करणाऱ्या नंतर, असा सामान्य संकेत आहे. मॉरोविंड व ऑब्लिव्हियन या खेळांत हा क्रम फाइलींच्या दिनांकांवरून ठरत असे; स्कायरिममध्ये पुढे तो एका स्वतंत्र यादीवरून ठरू लागला. क्रम सुचविण्यासाठी प्रथम ‘बॉस’ व त्यानंतर ‘लूट’ हे कार्यक्रम तयार झाले. लूट हा कार्यक्रम फाइलींतील नोंदींचा परस्परसंबंध व संकलित माहिती यांच्या आधारे क्रम लावतो. शिवाय फाइलीच्या तपासणी-क्रमांकावरून ती परिशोधनास पात्र असल्याची सूचनाही देतो.

दुसरा क्रम चित्रे, आकृती, ध्वनी इ. साहित्याच्या फाइलींचा. या फाइली बीएसए नावाच्या गठ्ठ्यात बांधलेल्या किंवा सुट्या असतात. स्कायरिममध्ये त्याच नावाची सुटी फाइल असल्यास ती गठ्ठ्यातील फाइलीवर मात करते. सर्व मॉड खेळाच्या ‘डेटा’ या एकाच फोल्डरमध्ये ओतले, तर नंतरची फाइल आधीच्या समान नावाच्या फाइलीस पुसून तिची जागा घेते व मूळ फाइल परत मिळत नाही. ‘मॉड ऑर्गनायझर’ हे साधन प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून खेळ चालू असतानाच त्या सर्वांचे एकत्रित आभासी रूप खेळापुढे मांडते. परिणामी मूळ डेटा-फोल्डर अबाधित राहते आणि क्रम केव्हाही बदलता येतो.

काही प्रसंगी दोन्ही मॉडचे बदल एकत्र टिकविणे आवश्यक असते. खेळाडूच्या पातळीनुसार शस्त्रे वा प्राणी निवडण्यासाठी खेळात याद्या असतात. दोन मॉडनी एकाच यादीत एकेक तलवार घातल्यास नंतरच्याच मॉडची तलवार खेळात दिसते. ‘राय बॅश’ या साधनाने अशा याद्या एकत्र करून समन्वयाची स्वतंत्र प्लगइन-फाइल तयार करता येते व ती सामान्यतः क्रमाच्या अखेरीस ठेवली जाते.

जतन केलेला खेळ : ही सर्व व्यवस्था खेळ आरंभ करण्यापूर्वी लावणे श्रेयस्कर असते. स्कायरिमच्या जतन-फाइलीत मॉडमधील लिपींची (आज्ञावलींची) तत्कालीन स्थितीही नोंदली जाते. त्यामुळे खेळाच्या मध्यावर मॉड काढला, तर त्याचे अवशेष जतन-फाइलीत मागे राहतात आणि शेकडो तासांचा खेळ कालांतराने निरुपयोगी होण्याचा धोका संभवतो. परिशोधनामुळे फाइलीचा आकार क्वचितच लक्षणीय घटतो. त्याचा खरा लाभ या स्थैर्याच्या रूपाने मिळतो.

महत्त्व : बहुतेक मॉड विनामूल्य व हौसेने रचले जातात आणि कर्त्याच्या अनुमतीविना त्याची फाइल दुरुस्त करून पुन्हा वितरित करणे शिष्टसंमत मानले जात नाही. म्हणूनच लूटसारखे कार्यक्रम दुरुस्त फाइली पुरवीत नाहीत. कोणत्या फाइलीत कोणता दोष आहे एवढेच सांगतात आणि प्रत्यक्ष परिशोधन खेळाडू आपल्याच संगणकावर करतो. आपल्या फाइलीने जे सांगावयाचे तेवढेच सांगावे व इतरांच्या नोंदींस विनाकारण हात लावू नये, हे परिशोधनामागील तत्त्व होय. ते पाळणारा मॉडकर्ता वितरणापूर्वीच आपली फाइल तपासतो. परस्परांना न ओळखणाऱ्या असंख्य कर्त्यांचे काम एकाच खेळात नांदू शकते ते मुख्यत्वे या दक्षतेमुळेच.